आधी लिंबू
सकाळी साडेआठ वाजता घाटंजीत दिगांबर गावंडे यांनी घरच्या उतरत्या अंगणात आपल्या जुन्या कारचे पुढचे ब्रेक पॅड बदलून चाकांचे नट आवळले. मोबाइलवर पाहिलेल्या व्हिडिओत सांगितलेले एकच काम उरले होते: नवे पॅड डिस्कला भिडेपर्यंत पेडल चार-पाच वेळा दाबायचे. तेवढ्यात पत्नी मंदाताई पूजेचे ताट घेऊन आल्या. "खोललेल्या गाडीत पूजेच्या आधी पाय नका ठेवू," त्या म्हणाल्या. "अवं, चालवायच्या आधी पायडल दाबा लागते." "आधी लिंबू, मंग तुमची दाबादाबी. एका व्हिडिओत इंजिनियर झाले काय?" दिगांबर हसले आणि थांबले. मंदाताईंनी बॉनेटवर कुंकू लावले, उजव्या चाकापुढे लिंबू ठेवले आणि ते नीट फुटते का हे पाहायला समोर गोठ्याच्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या. दिगांबर आत बसले. त्यांनी गाडी सुरू करून हळूच पुढे घेतली. लिंबू फुटले. "बस," मंदाताई म्हणाल्या. दिगांबर यांनी ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला टेकले. गाडी भिंतीवर जाऊन थांबली; मधे मंदाताई होत्या. त्या यवतमाळच्या रुग्णालयात आहेत, अजून शुद्धीवर आलेल्या नाहीत. संध्याकाळी पोलिसांनी आणलेल्या मेकॅनिकने पंचांसमोर पेडल दाबून पाहिले. चौथ्या वेळी ते कडक झाले. "ब्रेक तं बराबर हायेत," तो म्हणाला, आणि पंचनाम्यात तसेच लिहिले गेले.