मास्तरांचा उजवा पाय

नायकाची जीप धावत्या मालगाडीच्या टपावरून सुसाट निघाली आणि मास्तरांनी उजवा पाय दाणकन दाबला. पुढच्या खुर्चीला हादरा बसला. "सॉरी," मास्तर अंधारात पुटपुटले. पुढच्या बाईने डोक्यावरचा स्कार्फ सावरला आणि पुन्हा पॉपकॉर्न खायला लागली.

पायाचा तरी काय दोष? मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता, आणि शिकणारा चुकला रे चुकला की तो दाबण्यात त्यांची हयात गेली होती. सगळे त्यांना ब्रेकमास्तरच म्हणत. घरच्या गाडीत तसला ब्रेक नव्हता, तरी बायको चालवायला बसली की शेजारी यांचा पाय सुरूच. "अहो, सोडा तो ब्रेक! मी बघतेय ना रस्ता," ती दर वळणावर करवादायची.

असल्या सिनेमांचा तर मास्तरांना भारी राग. म्हणजे, चारचौघांत. "अक्कल गहाण टाकल्याशिवाय हे बघवत नाही! पोरं हे बघतात आणि खांबावर गाडी घालतात," असं ते प्रत्येक नव्या बॅचला सुनावायचे. घरी टीव्हीवर एखादी जीप उडाली की लगेच चॅनल बदलायचे. बायको बिचारी रिमोटकडे बघत राहायची.

आणि तेच मास्तर आज भर दुपारी, टोपी डोळ्यांवर ओढून, थिएटरात! घरी सांगितलं होतं, वाहतूक सुरक्षेची मीटिंग आहे. बायको म्हणाली होती, "बरंच झालं. मी पण ताईकडे जाऊन येते, तिचे गुडघे दुखतायत." एखाद्या विद्यार्थ्याने पाहिलं तर उद्यापासून आपलं कोण ऐकणार, या धास्तीने मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता.

पण मजा काय येत होती! नायकाला सीटबेल्ट माहीत नव्हता. पेट्रोल संपायचं नाव घेत नव्हतं, आणि आरसा तर पठ्ठ्या फक्त केस विंचरायला वापरत होता. मास्तरांना हसू आवरेना. सलत होती ती एकच गोष्ट. कोपर मारून "बघितलंस का?" म्हणायला शेजारी कोणी नव्हतं. चोरून खायचं म्हटलं की एकट्यानेच खावं लागतं.

पडद्यावर पूल मधोमध तुटला. मागे खलनायकाच्या गाड्या, पुढे खोल दरी. नायकाने दात विचकले आणि गिअर टाकला. झालं! मास्तरांचा पाय गेलाच. पुढची खुर्ची गदागदा हलली. आता ही बाई उठणार, तमाशा करणार, दिवे लागणार आणि कोणीतरी आपल्याला ओळखणार! मास्तरांनी टोपी पार नाकापर्यंत ओढली, पण पाय काही निघेना.

बाईने पडद्यावरची नजर हटवली नाही. हात तेवढा मागे केला आणि पॉपकॉर्नचा पुडा मास्तरांपुढे धरला.

"अहो, सोडा तो ब्रेक!" ती म्हणाली. "पकडतील ना त्याला!"