दंतवैद्याची मुलगी

"ही तुझी पानं." हेगेनं लेकीसमोर वॉफलच्या ताटलीशेजारी नव्या पुस्तकाच्या कागदांचा गठ्ठा ठेवला. "ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांनी छापण्याआधी वाचायचं, असं ठरलंय ना आता. वाच आणि सांग."

"मागच्या पुस्तकाच्या वेळी नव्हतं ठरलं?"

"तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, टूवा. तुला काय विचारणार?"

टूवानं गठ्ठ्याला हात लावला नाही. उठली, खिडकीशी गेली, परत येऊन बसली, पुन्हा उठली. बाहेर बर्गनचा नेहमीचा पाऊस. खाली ट्राम थांबली आणि सुटली. गेल्या मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत टूवा त्याच ट्राममध्ये होती. शहरापासून विमानतळापर्यंत, विमानतळापासून शहरापर्यंत, दप्तर मांडीवर घेऊन. शाळेच्या स्टॉपवर दार उघडायचं, मिटायचं, आणि हिचे पाय काही हलायचे नाहीत. शाळेला तापाची थाप मारली होती, ती किती दिवस पुरणार? उद्या सोमवार. उद्या घरी फोन येणारच. त्याआधी मम्माला सांगायला हवं होतं.

पण मम्माला सांगायचं म्हणजे सगळ्या नॉर्वेला सांगायचं! बाबा घर सोडून गेला तेव्हा टूवा त्याचा न धुतलेला स्वेटर कवटाळून झोपायची, हे मम्माच्या पुस्तकात होतं, टूवाच्या खऱ्या नावासकट. पुस्तकाला बक्षीस मिळालं. आणि मागच्या सोमवारी भाषेच्या शिक्षकांनी नेमकं तेच पान वर्गात वाचायला घेतलं. "किती प्रामाणिक लिहिलंय!" असं म्हणाले. मधल्या सुट्टीनंतर टूवाच्या खुर्चीवर कुणीतरी एक मळका स्वेटर ठेवला होता. छान घडी घालून.

"अगं, बस ना एका जागी," हेगे म्हणाली. "शाळेत काही झालंय का?"

"विचारतेयस की लिहितेयस?"

"टूवा!"

"मग ते पेन कशाला?"

पेन हेगेच्या अंबाड्यात खोचलेलं होतं. घरीदारी ते तिथंच असायचं.

टूवा तिच्यासमोर बसली. "ठीक आहे. एक गोष्ट सांगते. बनवलेली. पहिल्या शब्दापासून खोटी."

हेगे हसली. "बनवलेली? अगं, आता कोण लिहितं तसलं? आमच्यात, लेखकांत, सगळे आपापलंच आयुष्य लिहितात."

"मी तुमच्यात नाही. ऐक. एक मुलगी असते. तिची आई दंतवैद्य असते, फार नावाजलेली. ती एकदा मुलीचा किडका दात काढते आणि गावभर दाखवत सुटते. लोक म्हणतात, वा, काय दात काढलाय! मग तो दात मुलीच्या शाळेत पोचतो. वर्गात या हातातून त्या हातात फिरतो. एकेक जण हुंगून बघतो."

हेगेचं हसू मावळलं.

"दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत जातच नाही. ट्राममध्ये बसून राहते. दिवसभर."

वॉफलच्या साच्यातून करपल्याचा वास यायला लागला. कुणीच उठलं नाही.

"कधीपासून?" हेगेनं विचारलं.

"मंगळवारपासून."

"फार दुखतंय तिला?"

विचारता विचारता हेगेचा हात अंबाड्यातल्या पेनाकडे गेला. सवयीनं. टूवाला तो दिसला. आणि टूवाला दिसला, हे हेगेलाही दिसलं.

तिनं हात हळूच खाली आणला. मग दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले आणि ताठ बसली, दात काढायच्या खुर्चीत लहान मुलं बसतात तशी.

"सांग," ती म्हणाली. "पुढे सांग."