गेल्या वर्षीचा हिरा

सराफ शरच्चंद्र यांनी काळ्या मखमलीवर हिऱ्याच्या दोन चमक्या ठेवल्या. "यातली कुठली, बनुबाई?"

बनुबाईंनी हात पुढे केला नाही. "आधी घरी नेऊन तीन दिवस उशाखाली ठेवीन. लाभला तर घालीन."

"पुन्हा तेच," त्यांचे यजमान महिपती बाकावरून म्हणाले. "मागं ठेवलेलास ना एक?"

"ठेवलेला. नि तिसऱ्या दिवशी तुम्ही पाय मोडून घेतलात."

"शेवाळावर घसरलो गो मी. हिऱ्यानं काय ढकललं नाय."

तो हिरा त्याच दिवशी परत गेला होता. त्याला बावीस वर्षं झाली. तरी नात्यात कुणाच्या नाकात हिरा दिसला की बनुबाईंची नजर तिथेच राही. लेकीने ते लहानपणापासून पाहिलं होतं. स्नेहल आता औद्योगिक वसाहतीत केमिस्ट होती आणि आज आईला चमकी घेऊनच महाडहून परतायचं, असं ठरवून आली होती.

तिने भिंग आईच्या हाती दिलं. "बघ. एक खाणीतला, एक प्रयोगशाळेत वाढवलेला. दोन्ही कार्बनच. कडकपणा तोच, चमक तीच."

"जुळी दिसतायत. शेठ, तुम्हाला कळतं?"

"नुसत्या डोळ्यांनी नाही. मशीन लागतं. फरक पडतो तो मोडताना. खाणीतल्याचे बरे पैसे येतात, दुसऱ्याचे फारसे नाहीत."

"मोडायचाय कुणाला? वय किती ह्यांचं?"

खोटं सांगणं स्नेहलला जमणार नव्हतं. "खाणीतला शंभर कोटी वर्षांचा तरी असेल. दुसरा महिन्याभरात तयार होतो. हा फार तर गेल्या वर्षीचा."

आता आई जुन्यालाच हात घालणार, आणि तो उशाखाली जाणार, हे तिला दिसू लागलं.

बनुबाईंनी खाणीतली चमकी बोटाने बाजूला सारली. नाकातल्या साध्या चमकीची फिरकी सोडवली आणि दुसरी तिथेच घालून आरसा जवळ ओढला.

"काय गो, तीन दिवस नाय ठेवायची?" महिपतींनी विचारलं.

"हिला काय ठेवायचं?" बनुबाई मान वळवून वळवून बघत होत्या. "गेल्या वर्षीचं पोर हाय ते. अजून कुणाचं वाईट केलं नसंल त्यानं."