अर्धी दाढी

मास्तर म्हणजे न्हाव्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. गालावर वस्तरा फिरू लागला की ते खुर्चीतच घोरायचे. मागच्या खेपेला कानाशी कापलं, तेव्हाही चकार शब्द बोलले नव्हते. आज मात्र आरशात न्हाव्याला त्यांचे हात दिसले. खुर्चीचे दांडे त्यांनी गच्च धरले होते. “मास्तर, भीती वाटते?” “छे रे! तू कर तुझं,” मास्तर म्हणाले; पण मूठ काही सुटेना. न्हाव्याने वस्तरा मिटून शेजारच्या खुर्चीवर कात्री चालवणाऱ्या आपल्या लेकीपुढे धरला. “पुढचं तू कर गं.” “अर्धीच तर राहिलीय, बाबा. तेवढी उरका की.” “नको. दमलो मी.” हे आपल्याच तोंडून ऐकून त्याला नवल वाटलं. जन्मभर उभ्याने काम केलेला तो माणूस जाऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला. पाय ठणकत होते. काम झाल्यावरही लोक या बाकावरून का उठत नसत, ते आज कळलं.