रोवण्याच्या ओळीतली मधली जागा

वच्छलाबाईनं लुगडं वर खोचलं आणि पाण्यानं भरलेल्या धानाच्या बांधीत उजवा पाय टाकला. चिखलानं तो पोटरीपर्यंत गिळला. बांधीच्या कडेला धुऱ्यावर रोपांच्या पेंढ्या घेऊन उभा असलेला तिचा नवरा देवाजी श्वास रोखून पाहत राहिला. पाय निघाला. दुसरा पडला, तोही निघाला. म्हातारी सरळ रोवणाऱ्या बायकांच्या ओळीत गेली आणि मधली जागा धरून उभी राहिली. एका बाजूला सून चंचल, दुसऱ्या बाजूला शेजारची आशाबाई.

मधली जागा म्हणजे काही मानाची खुर्ची नव्हे. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, वाकून, मागं मागं सरकत करतात. मधली जरा ढिली पडली की दोन्हीकडच्या झपाझप मागं जातात, तिच्या पाठीमागून रोपं लावून वाट बंद करतात, आणि बाई कोंडली जाते. मग एकही रोप न तुडवता टांग टाकून बाहेर यायचं आणि आपल्या पावलांच्या खड्ड्यांतही रोप लावायचं, असा या बायकांचा कायदा. त्यात त्यांची हसून हसून पुरेवाट होते.

दोन वर्षांमागं वच्छलाबाई अशीच कोंडली होती. गुडघा उचलेचना. हसणाऱ्या बायका हळूहळू गप्प झाल्या. शेवटी चंचलनं काखेत हात घालून तिला पोत्यासारखी ओढून बाहेर काढली, चांगली वीस-पंचवीस रोपं तुडवली गेली. तेव्हापासून तिची जागा धुऱ्यावर, चुलीवरच्या चहाच्या गंजाजवळ. जिनं चाळीस पावसाळे बांध्या रोवल्या तिनं आता चहा गाळत बसायचं! हे दुखणं गुडघ्याच्या दुखण्यापेक्षा भारी होतं.

बल्लारपूरला कागद कारखान्यात कामाला असलेल्या तिच्या पोरानं, रोशननं, यंदा उन्हाळ्यात तिला तीनदा चंद्रपूरच्या डॉक्टरकडे नेलं. गुडघ्यात रक्ताचं इंजेक्शन द्यायचं म्हटल्यावर चंचलही सोबत निघाली, म्हणे माझं घ्या, माझं जवान आहे. डॉक्टर हसले. ज्याचा गुडघा त्याचंच रक्त लागतं म्हणाले. लॅबवाल्या अकरमभाईनं वच्छलाबाईच्या दंडातून नळीभर रक्त काढलं, यंत्रात गरगर फिरवलं, आणि डॉक्टरांनी सुईत भरलं ते पिवळं पाणी. म्हातारी भडकलीच. मी लाल दिलं, हे कोणाचं टोचून राहिले? अकरमभाईनं नळी तिच्या डोळ्यांपुढं धरली. पेज निवळल्यावर शितं खाली बसतात तसं लाल खाली बसलं होतं, वर जरासं पिवळं उरलं होतं. तिचंच. तेव्हा कुठं तिनं पाय पुढं केला.

गुडघा नवा होणार नाही, पण दुखणं कमी होईल, रोज चालायचं, सांगितलेला व्यायाम करायचा, असं डॉक्टर म्हणाले. तिनं सगळं इमानेइतबारे केलं. रोवण्याचं मात्र विचारलंच नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, एवढं कळण्याइतकी ती शहाणी होती.

आता अर्धा तास झाला होता. बोटं काही विसरली नव्हती. गुडघा अधूनमधून कुरकुरत होता, पण ऐकत होता. आणि तरी वच्छलाबाईला काहीतरी खटकत होतं. तिनं मान न वळवता दोन्हीकडं नजर टाकली. चंचल एक रोप लावायला तीन रोपांचा वेळ घेत होती. आशाबाई, जिचा हात म्हणजे मशीन, ती दर दोन रोपांनी पदर सावरत होती. अख्खी ओळ तिच्यासाठी मुंगीच्या पावलानं सरकत होती. देवाजी तर पेंढी फेकायची सोडून चिखलात उतरून तिच्या हातात आणून देत होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती कंबर सरळ करून उभी राहिली.

"काऊन वं चंचल, माझ्यासाठी थांबून राह्यली का?"

चंचलनं मान वर केली नाही. "तुमाले तरास होईन, आत्याबाई."

"इंजेक्शन मी घेतलं, अन् लंगड्या तुमी झाल्या. मले कोंडून टाका. नाई त मी चालली चहा गाळाले."

चंचलनं सासऱ्याकडं पाहिलं. देवाजीनं मान दुसरीकडं वळवली. मग आशाबाई खुदकन हसली आणि तिचे हात सुटले. चंचलचेही सुटले. वच्छलाबाईनं जीव तोडून रोवलं, पण दोन वर्षांचा गंज तो, एका दिवसात थोडाच जातो? पाठीमागं हिरव्या दोन ओळी आल्या आणि वाट बंद झाली.

कोणी हसलं नाही.

वच्छलाबाईनं उजवा गुडघा उचलला. आत कळ उठली, क्षणभर थांबली आणि ओसरली. पाय रोपांच्या शेंड्यांवरून पलीकडं गेला, चिखलात रुतला, टिकला. मागून डावा आला. दोन्ही ओळी जशाच्या तशा उभ्या होत्या. तिनं वाकून, हात लांबवून, आपल्या दोन्ही पावलांच्या खड्ड्यांत एकेक रोप खोचलं, उजव्या पावलातलं जरा जास्तच घट्ट.

धुऱ्यावरून देवाजीनं पेंढी भिरकावली. ती धप्पकन तिच्यापुढं पडली आणि चिखल तिच्या तोंडावर, डोळ्यांत, केसांत उडाला. तिला इतका आनंद झाला की चिखल पुसायचंही तिला सुचलं नाही. तिनं पेंढीची गाठ सोडली आणि सुनेकडं पाहिलं.

"चल चंचल, आता तू हो मधात."