दारावरचा नॉमिनी

केवायसी राहिलेल्या खातेदारांची यादी सोमवारी बँकेच्या दारावर लागली. नाव, मोबाईल नंबर, जन्मतारीख आणि शेवटच्या रकान्यात नॉमिनी. दुपारपर्यंत साऱ्या गावाला कळलं, की रखमाजीनं तिन्ही पोरांना सोडून धाकट्या सुनेचं, शुभांगीचं नाव लावलंय.

मंगळवारी थोरल्या दोघी जावांनी शुभांगीशी बोलणं टाकलं. पोरांना मात्र बापाचा पुळका आला. एकानं नवा चष्मा आणला, दुसरा पाय चेपायला बसला. रखमाजीला या गोष्टीची सवय नव्हती. बुधवारी सकाळी पोटऱ्या भरून आल्या होत्या.

"मामा, माझं नाव काढून टाका," शुभांगी चहा देताना हळूच म्हणाली. "घरात शांतता तरी राहील."

"नाव मी लावलंय," रखमाजी म्हणाला. आणि लंगडतच त्यानं संगमनेरची एसटी धरली.

तिथं त्याची पुतणी प्रज्ञा वकिली करते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आधी बँकेत लेखी तक्रार द्यायची, पोच घ्यायची. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं, तिथं फी नाही. भरपाई हवी असेल तर नगरला ग्राहक आयोग. पण तात्या, नुकसान काय झालं ते लिहावं लागेल."

"लिही. पोरं पाय चेपत्यात."

"याला नुकसान म्हणत नाहीत."

"तू एकदा चेपून घे, मग सांग."

प्रज्ञानं 'कुटुंबात कलह व मानसिक त्रास' असं लिहिलं.

गुरुवारी मॅनेजरनं अर्ज दोनदा वाचला. "बाबा, एवढ्यासाठी तक्रार कशाला? नॉमिनी बदलून टाका. पाच मिनिटांचं काम."

"कुनाचं नाव लावू?"

"थोरल्या मुलाचं लावा."

"ते बी दारावर लावनार का?"

रांगेतली माणसं हसली. मॅनेजरनं चहा मागवला. रखमाजीनं तो सावकाश प्यायला, कप खाली ठेवला आणि अर्जाची दुसरी प्रत पुढं सरकवली.

"पोच."

"म्हणजे तुम्ही तीस दिवस मोजणार."

"आजपासनं."

मॅनेजरनं शिक्का उमटवला, सही केली, तारीख टाकली. मग कुणाला न सांगता स्वतःच उठला आणि यादी काढायला दाराशी गेला. रखमाजीही मागोमाग निघाला.

यादीसमोर बायडाबाई उभी होती. दुसऱ्या पानावर बोट ठेवून एकेक ओळ लावत खाली चालली होती. मॅनेजरनं वरची टाचणी उपसली, तसा तिनं कागद तळहातानं दाबून धरला.

"वाईच थांबा, साहेब," ती म्हणाली. "आमच्या म्हाताऱ्यानं कुनाचं लावलंय, तेवढं बघू द्या."