हात पोचला

फुप्फुसांच्या जुन्या आजारानं धापा टाकून टाकून नवऱ्याच्या पाठीला पोक आलं होतं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, पाठीचा कणा मोकळा झाला तर श्वासालाही जागा मिळेल. बायकोनं कंबर कसली. सहा महिने रोज त्याला भिंतीला टेकवून उभं केलं, घामट पाठ चोळली, बेडक्यांचं भांडं धुतलं. कधी किळस केली नाही. आज ती कपडे वाळत घालून आली, तर तो कपाटापाशी ताठ उभा! खांद्याच्या वर न जाणारा हात कपाटाच्या माथ्यावर पोचला होता. तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात हात सिगारेटचं पाकीट घेऊन खाली आला. “तुझ्यामुळंच हात पोचला गं,” तो खुशीत हसला. मोरीत जाऊन ती कोपरापर्यंत साबण लावून हात घासत म्हणाली, “तुमच्या पाठीला मी बोटसुद्धा लावणार नाही.”